साडूंची शिट्टी

चांगल्या चाललेल्या मुलीचं डोकं कसं फिरवावं, हे शिकायचं असेल तर आमच्या साडूंकडे जावं. भौतिकशास्त्राचे हे निवृत्त मास्तर अकोल्याला जठारपेठेत राहतात. माझी मुलगी अकरावी-बारावीसाठी अमरावतीहून त्यांच्याकडे राहायला होती. मावशीच्या हातचं खाईल, चार पुस्तकं वाचेल, एवढीच माझी अपेक्षा. साडूंनी तिला विज्ञान प्रदर्शनासाठी चक्क मोर्स, म्हणजे जुन्या तारखात्याची कडकट्ट, शिकवायला घेतली. तारा बंद झाल्या, तारवाले घरी बसले, आणि आमच्या पोरीनं आता तारायंत्र व्हायचं!

तेही सरळ नाही. आखूड आणि लांब, अशा दोन आवाजांतून सगळी अक्षरं होतात. तक्ता पाहून कोणीही पाठ करील. पण साडूंच्या घरात तक्त्याला बंदी. कागदावर ठिपका दिसला की ते कडाडत, "ठिपके रांगोयीत काढ! हे कानाचं काम हाय." पोर बोटांवर आवाज मोजू लागली की, "मोजू नोको. मायनं हाक मारली तं मोजून वयखतं का तू?" चहासुद्धा हा माणूस तोंडानं मागायचा नाही. एक लांब शिट्टी, एक आखूड, मग एक आखूड नि एक लांब. टी, ई, ए ही तीन अक्षरं; झाला इंग्रजीतला चहा. मेहुणी आतून ओरडे, "बायकोले शिट्टी मारते का कोनी?" मी मोर्शीच्या पावसाचं विचारलं तर हे संत्र्याचा भाव सांगत. मला तो शुद्ध उद्धटपणा वाटे.

प्रदर्शन अमरावतीत भरलं. पहिला प्रकल्प राज्य पातळीवर जाणार होता आणि मुलीचा सारा जीव त्यात होता. टेबलावर फक्त एक बझर. परीक्षकांनी विचारलं, "चार्ट कुठाय?" साडू पुढे झाले, "डोये मिटा साहेब, अन् ऐका." डोळे मिटायला साहेबांना सवड कुठली? ते पुढे सरकले आणि थर्माकोलच्या ज्वालामुखीला पहिला नंबर देऊन मोकळे झाले. खायचा सोडा उतू गेला, की विज्ञान झालं!

परीक्षकांना कान नव्हते, कबूल. पण या माणसाला अक्कल नको? एक चार्ट लावला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? बाहेर येऊन मी साडूंना तोंडाला येईल ते बोललो. सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, "हो ना, ऊन लय हाय."

मुलीनं मला बाजूला ओढलं. रडून तिचे डोळे लाल झाले होते. "बाबा, काकाले बोललेलं समजतच नाही आता. ओठ पाहून अंदाज लावते ते. शिट्टी तेवढी नीट ऐकू येते. मी गेल्यावर कोन बोलन त्यायच्याशी?"

हे मला आधी कोणी सांगू नये, याचाही मला रागच आला. पण तो राग फार टिकला नाही.

मुलगी आता नागपूरला शिकते. मेहुणीला शिट्टी जमत नाही. मग मीच या वयात न्हाणीघरात शिट्ट्यांचा सराव करतो आणि बायकोची बोलणी खातो. परवा जठारपेठेत गेलो तेव्हा साडू दाराकडे पाठ करून पेपर वाचत होते. मी उंबऱ्यातूनच शिट्टी घातली: एक लांब, एक आखूड, मग आखूड नि लांब.

पेपर खाली आला. ते वळले, माझ्याकडे पाहतच राहिले. मग डोळे पुसत कडाडले, "मोजून राहिले तुमी! मोजू नोका!"

आणि आत तोंड करून म्हणाले, "अवं, दोन कप ठेव."