सर्वानुमते

"तू वाट की चहा. तुझी आई हीच फरशी पुसायची. तुला कसली लाज?"

नगरपालिकेच्या सभागृहात, पहिल्याच सभेत, अण्णा मला हे बोलले. शिपाई ट्रे घेऊन दारात उभा होता. मी नवी साडी नेसून माझ्या खुर्चीत बसले होते. समोर माईक होता. माईकखाली माझ्या नावाची पाटी होती. निवडून आलेली नगरसेविका होते मी.

सगळे हसले. फार मोठ्यानं नाही. घरातल्या माणसाच्या विनोदाला हसतात तसं.

मी उठले. ट्रे घेतला. एकेकापुढं धरत गेले. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, कप तेवढे उचलले. नगराध्यक्षांपुढं ट्रे धरला तेव्हा चहा बशीत सांडला. त्यांनी बशी बाजूला सरकवली. माझ्यासाठी कप उरला नाही.

का उठले? भीती. दुसरं काही नाही.

अण्णा सभागृहाचे सदस्य नव्हते. नगराध्यक्षा त्यांची सून. पद बायकांसाठी राखीव झालं म्हणून तिला उभी केली. ती मधल्या मोठ्या खुर्चीत बसायची आणि अण्णा तिच्या शेजारी. कुठला विषय मंजूर करायचा ते आदल्या दिवशी त्यांच्या बंगल्यावर ठरायचं. सभेत फक्त हात वर करायचे. माझा वॉर्डही राखीव. वस्तीतली, नववी शिकलेली, खाली मान घालून बोलणारी बाई त्यांना पाहिजे होती. ती मी. आमचे मालक तेव्हा अण्णांच्या भावाचा टेम्पो चालवायचे. काष्टीच्या बाजाराला शेळ्या, कांदा, पडेल ते न्यायचे. त्यामुळं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

विरोधी पक्षाचे एक वकील होते सभागृहात. ते प्रत्येक सभेत एकदा उठायचे. "माझा विरोध आहे, नावासह नोंद घ्या," म्हणायचे आणि बसायचे. विषय मंजूर व्हायचा तो व्हायचाच. पण मुख्याधिकारी, म्हणजे सरकारनं पाठवलेले साहेब, ते वाक्य लिहून घ्यायचे. घ्यावंच लागायचं. मी ते बघत होते. चहा वाटता वाटता बघत होते.

मग एक दिवस सभेच्या विषयांत आमच्या वस्तीचं नाव आलं. रस्त्याकडेचा बायकांचा संडास पाडायचा आणि तिथं दुकानांचे गाळे काढायचे. दुसरा संडास कुठं बांधणार, त्याबद्दल एक शब्द नव्हता.

मी लहान असताना तो संडास नव्हता. पहाटे आईबरोबर हायवेच्या कडेला जायचे. ट्रकचा उजेड आला की सगळ्या बायका उठून उभ्या राहायच्या. ट्रक गेला की बसायच्या. परत उजेड, परत उभ्या. काही ड्रायव्हर मुद्दाम गाडी हळू करायचे. आई माझ्या तोंडावर पदर टाकायची. म्हणायची, "तू बघू नको. तू न्हाई बघितलं म्हंजे त्यांनी बी न्हाई बघितलं."

आता माझी मुलगी सातवीत आहे.

सभेच्या आदल्या दिवशी अण्णा घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. दारात खुर्ची टाकली, बसले. पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. भिंतीवर हात फिरवला. आईच्या झोपडीच्या जागेवरच आम्ही ते घर बांधलं होतं.

"चांगलं बांधलंय घर. जागा कुनाची?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं.

"नगरपालिकेची," अण्णाच म्हणाले. "अतिक्रमण. असल्या घरात ऱ्हानाऱ्याचं नगरसेवकपद जातं. कायदा हाय तसा. तिकीट देतानाच मला म्हायती हुतं. म्हनलं, असू द्या. गरिबाचं घर हाय."

उठताना मालकांच्या खांद्यावर हात ठेवला. "टेम्पो नीट चालतो ना?"

गाडी गेल्यावर मालक म्हणाले, "हात वर करायचा अन् घरी यायचं. कळलं का? आपन कोन हाय?" माझा त्यांच्यावर राग नाही. आम्ही दोघंही एकाच माणसाला भीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी सभेला गेले ती हात वर करायचं ठरवूनच. हे मी लपवत नाही. मला घर पाहिजे होतं.

तरी मनात एक आधार होता. वकील उठतील. विरोध नोंदवतील. निदान कुणीतरी नाही म्हटलेलं असेल.

विषय वाचला. वकील मोबाईलमध्ये बघत होते. मी त्यांच्याकडं टक लावून बसले. त्यांनी मान वर केली, माझी नजर दिसली, परत खाली घातली. तेव्हा कळलं. गाळ्यांत त्यांचाही वाटा ठरला होता.

हात वर झाले. माझा हात मांडीवर होता, उचलता उचलेना. कुणी मोजलंही नाही. नगराध्यक्षांनी सवयीनं म्हटलं, "विषय सर्वानुमते मंजूर."

सर्वानुमते. म्हणजे सगळ्यांचं मत. त्यात मी आले. माझ्या मुलीनं ट्रकच्या उजेडात उभं राहायचं, आणि त्याला माझी संमती आहे, असं लिहिलं जाणार होतं.

मी उभी राहिले. माईक सुरू करायचं बटण सापडेना. तशीच बोलले.

"सर्वानुमते न्हाई. माझा विरोध हाय. माझ्या नावानं लिहा."

अण्णा म्हणाले, "ए, खाली बस."

मी टेबल धरलं.

"तुमी सदस्य न्हाई. तुमाला हितं बोलता येत न्हाई."

मुख्याधिकारी आता नवीन आले होते, तरुण होते. त्यांनी आधी अण्णांकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "नोंद घ्यावी लागेल."

नगराध्यक्षा सासऱ्यांकडं बघत राहिल्या. पुढं काय म्हणायचं ते कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. शेवटी म्हणाल्या, "बहुमताने मंजूर."

विषय मंजूरच झाला. फरक एका शब्दाचा. पण त्या शब्दावर बोट ठेवून मी कलेक्टर ऑफिसला नगरला जाऊ शकले. वस्तीतल्या बायका बरोबर आल्या. काही आल्या नाहीत, दार लावून बसल्या. त्यांना मी काय म्हणू? माझी सासू आली. गुडघे धरून जिना चढली आणि तिथल्या साहेबांना सरळ म्हणाली, "तुमच्या घरातल्या बाया कुठं बसत्यात?" साहेबांनी आमचा अर्ज ठेवून घेतला.

चौकशी लागली. तोवर पाडायचं थांबलं आहे. कायमचं नाही, थांबलं आहे एवढंच.

मालकांच्या हातातला टेम्पो सभेच्याच आठवड्यात गेला. आता ते ऊसतोडीला गाडी भरायला जातात, माझ्याशी कमी बोलतात. रात्री घरावर दगड येतात. कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्याविरुद्ध अतिक्रमणाची तक्रार झाली. सुनावणीची नोटीस आली आहे. पद जाईल, असं सगळेच सांगतात. घरही जाईल कदाचित.

भीती गेली का म्हणून विचारतात बायका. गेली नाही. दारापुढं गाडी थांबली की अजून मी आधी कडी लावते. मुलगी शाळेतून येईपर्यंत मी दारात उभी असते. कालच अण्णांचा माणूस येऊन गेला. म्हणाला, "विरोध मागं घे, तक्रार मागं घेतो." मी नाही म्हटलं. म्हणताना दाराची चौकट धरली होती.

सुनावणीला मी जाणार. विचारतील, घर कुणाच्या जागेवर आहे? सांगणार, नगरपालिकेच्या. माझ्या आईनं जन्मभर या गावाची घाण उचलली, गावानं तिला राहायला जागा दिली नाही, म्हणून तिनं ती घेतली. हे लिहून घ्या, म्हणणार.

पद काढलं तर काढू दे. पालिकेची सभा कुणालाही बसून बघता येते, हे आता मला ठाऊक आहे. मी बायका घेऊन मागच्या बाकावर बसेन. प्रत्येक सभेला बसेन. ज्याला हात वर करायचा आहे, त्यानं आमच्याकडं बघून करावा.