फिरायची जागा

साक्रीच्या पिठाच्या गिरणीत मी गाडी तीन तास चार्जिंगला लावून ठेवली आणि भिंतीवरचं बटण दाबायलाच विसरलो. माझ्या आजवरच्या वेंधळेपणात हा तसा किरकोळ. पण त्या दिवशी गाडीत नाना होते, आणि सुरतेला त्यांची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळलेली होती.

नाना म्हणजे आमच्या जळगावच्या कॉलनीतले शेजारी. मूळचे शिरपूरकडचे, निवृत्त बस ड्रायव्हर. कुणी प्रवासाला निघालं की 'कधी पोचणार' असं ते विचारत नसत. म्हणत, "फिरानी जागा कोठे शे, ते सांग आधी." गाडी मागे कुठून फिरवायची, हे निघण्याआधीच ठरलेलं हवं. आमच्याकडे चहाला येतानासुद्धा खाली वाकून माझ्या चार्जरचा दिवा लागलाय का, हे पाहिल्याशिवाय ते जिना चढत नसत.

गाडी मी हौसेनं घेतलेली, छोटी, वापरलेली. एका चार्जिंगमध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटर, एसी लावला तर देवाचं नाव घ्यायचं. तरी मी रुबाबात म्हणून बसलो, "नाना, अक्कांना भेटायला मी नेतो तुम्हाला." हिनं शहाणपणानं रेल्वे सुचवली.

"रेल्वे नको, पोरी," नाना म्हणाले. "ती मधूनच फिरवता येत नाही."

मग त्यांनी वही काढली. जुन्या कंडक्टरांना फोन सुरू झाले. "तुनाकडे पंधरा अँपिअरचा बोर्ड शे का?" धुळ्यात एकाचं घर, साक्रीत एकाची गिरणी, नवापुरात कुणाचा तरी मेहुणा. कुठे लाइट किती वाजता जाते, घाटात बॅटरी किती खाल्ली जाईल, सगळं वहीत. मला वाटायचं, केवढा हा काटेकोर माणूस! वही भरत चालली आणि सुरतेचे फोन आखूड होत गेले. आधी अक्का स्वतः विचारायची, "कव्हय येशी रे, भाऊ?" पुढे तिची सून बोलू लागली. एकदा तर नुसता श्वासच ऐकू आला. नानांनी फोन ठेवला, वही उघडली. "नवापूरचा बोर्ड पक्का नाही. आठ दिवस थांबू."

अखेर एका पहाटे निघालो. धुळ्यात चार्जिंग करून साक्रीला पोचलो तेव्हा अकरा वाजत होते आणि पडद्यावर सदतीस किलोमीटर उरले होते. मी वायर खोचली. "तू जेवून ये," नाना म्हणाले. "मी शे आठे." बोर्डाखालच्या पोत्यावर ते मांडी घालून बसले. मी शेवभाजी चापली, गिरणीवाल्याच्या ओसरीवर डुलकीही काढली. दोनला लाइट गेली. उठून पाहतो तर आकडा सदतीसच!

लाइट आली ती संध्याकाळी. मी शरमेनं मेलो होतो. नाना रागावले नाहीत. "कोंडाईबारीचा घाट अंधारात नको. फिरानी जागा साक्रीच ठरलेली शे. फिरव."

तिसऱ्या दिवशी सुरतेहून फोन आला. अक्का गेली होती. त्यानंतर नाना आमचा जिना चढले नाहीत, आणि वर्षाच्या आत तेही गेले.

त्यांच्या तेराव्याहून परतल्यावर मी हिला बटणाची गोष्ट एकदाची सांगून टाकली. म्हटलं, माझ्यामुळे बहीणभावाची भेट हुकली.

ही म्हणाली, "आपला जिना चढण्याआधी दिवा बघणारा माणूस. तिथं तर तीन तास त्या बोर्डाखालीच बसले होते ना हो?"