अणुकराराची चिठ्ठी

कॉलेजचं वादविवाद मंडळ सांभाळणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. एका स्पर्धेत दोन तास भाषणं होतात आणि चार तास भांडणं. भाषणं संध्याकाळपर्यंतही कोणाच्या लक्षात राहत नाहीत, भांडणं मात्र निवृत्तीपर्यंत पुरतात. नागपुरात मी एकोणीस वर्षं हे काम करतोय. दर वर्षी प्राचार्यांना सांगतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला द्या. ते दर वर्षी हसतात.

या वर्षी तर कहर झाला. आसपासच्या सगळ्या कॉलेजांनी स्पर्धेला एकच विषय ठेवला: ‘अमेरिकेने इराणशी अणुकरार करावा, असे या सभागृहाचे मत आहे.’ तिकडे अमेरिकेतले खासदार या करारावरून एकमेकांच्या उरावर बसले होते. ठीक आहे, करार त्यांचा आहे, भांडोत. पण आम्ही का? तर विषय ठरवणाऱ्या समित्यांवर सगळीकडे तेच तीन लोक, आणि तिघंही एकच चॅनल बघतात!

प्रत्येक कॉलेजची जोडी असते. एकाने अनुकूल बोलायचं, दुसऱ्याने प्रतिकूल. कोणी कोणत्या बाजूने, ते व्यासपीठावर चिठ्ठी काढून ठरतं. आमची जोडी म्हणजे तन्मय देशपांडे आणि प्राजक्ता मेश्राम. तन्मय घरूनच कराराच्या विरोधात तयार होऊन आला होता. प्राजक्ताचं मात्र वेगळं होतं. तिचे बाबा आधी हिंगण्याला एका कारखान्यात फिटर होते. तो बंद पडला, म्हणून दोन वर्षांपूर्वी ते आखातात गेले. इराणच्या अगदी समोरच्या किनाऱ्यावर तेलाचा कारखाना आहे, तिथे.

“सर, करार झाला तर बाबा तिकडे सुखानं राहतीन,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “नाही झाला अन् रॉकेटं सुटाले लागली, तर पह्यले तेलाच्याच टाक्या पाहतीन ते लोकं. मले फक्त अनुकूल बाजू द्या.”

मी म्हटलं, बाजू माझ्या हातात नसते बाई.

* * *

पहिल्याच स्पर्धेत चिठ्ठी निघाली. प्राजक्ता प्रतिकूल, तन्मय अनुकूल!

दोघांचे चेहरे पडले. मी संयोजकांकडे गेलो. म्हटलं, दोघांची अदलाबदल करू द्या, दोघेही तयार आहेत, कोणाचं काही बिघडत नाही.

“दोघंही तयार आहेत?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“हो.”

“मग तर नाहीच! दोघं तयार आहेत म्हणजे याच्यात काहीतरी घोळ आहे.”

* * *

दुसरी स्पर्धा सावनेरला होती. परत तीच चिठ्ठी. तन्मय बिचारा मनाविरुद्ध, पण झकास बोलला. गुण जाहीर झाले तेव्हा एका परीक्षकांनी त्याला शंभरपैकी एकतीस दिलेले. हे गृहस्थ कुठल्याशा शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. मी तडक त्यांना गाठलं.

“मुद्दे एक नंबर होते,” ते म्हणाले. “आवाज एक नंबर. पाठांतर नाही, एकदम ओघात बोलला पोट्टा.”

“मग एकतीस काहून, सर?”

“चुकीच्या बाजूनं बोलला नं!”

“अहो, चिठ्ठी तुम्हीच काढली! तुमच्याच हातानं!”

“काढली,” ते शांतपणे म्हणाले, “पण त्यानं ऐकाले नाही पाहिजे होतं.”

मी कपाळाला हात लावला. परतीच्या एसटीत दोन्ही मुलं हसत होती, मला मात्र हसू येत नव्हतं.

* * *

तिसऱ्या स्पर्धेनंतर तन्मयचे वडील थेट स्टाफरूममध्ये आले. कोणत्याशा सरकारी खात्यात मोठे बाबू आहेत. बसायला सांगितलं तर बसले नाहीत.

“माझा मुलगा इराणच्या बाजूने बोलतो? व्हिडिओ फिरून राहिला सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. माझ्या साळ्याने मला विचारलं, भाऊजी, तन्मयला काय झालं?”

मी चिठ्ठीचा नियम समजावला. एकदा समजावला, दोनदा समजावला. वादविवाद म्हणजे काय, दुसऱ्याची बाजू मांडता येणं हेच शिक्षण कसं, असं सगळं सांगितलं. माझा अर्धा तास गेला, माझा बीए प्रथम वर्षाचा तास बुडाला.

“ते सगळं ठीक आहे सर,” ते म्हणाले. “पण आमच्या घराण्यात आजवर कोणी इराणच्या बाजूने बोललेलं नाही.”

मी विचारलं, “विरोधात कोण बोललं होतं?”

ते दारापर्यंत गेले आणि परत वळले.

“आणि काय हो, एवढं चांगलं बोलला, तर दुसराच नंबर काहून दिला त्याला?”

* * *

ही तक्रार उपप्राचार्य वानखेडे सरांच्या कानावर गेली. वानखेडे सरांना कशाचीही भीती वाटली की ते परिपत्रक काढतात. त्यांनी काढलं. कॉलेजच्या प्रत्येक वक्त्याने भाषणाआधी म्हणायचं: ‘पुढील मते माझी वैयक्तिक नाहीत. ती माझ्या महाविद्यालयाची, संस्थेची, प्राध्यापकांची अथवा पालकांचीही नाहीत.’

पाच मिनिटांच्या भाषणातला वेळ त्यात फुकट जायचा. मी म्हटलं, सर, पोरांचा एक मुद्दा कमी होतो हो. ते म्हणाले, “कमी झालेलाच बरा!”

पुढच्या स्पर्धेत तन्मयने ते सगळं इमानदारीत म्हटलं. परीक्षक बाईंनी त्याला तिथेच थांबवलं.

“अरे, मग ही मतं आहेत तरी कोणाची?”

“मॅडम,” तन्मय म्हणाला, “चिठ्ठीची.”

* * *

ही स्पर्धा इतवारीतल्या एका सभागृहात होती. प्रमुख पाहुणे तिथलेच सुकामेव्याचे ठोक व्यापारी. करंडक त्यांच्या वडिलांच्या नावाने, त्यामुळे त्यांना बोलू देणं भाग होतं. त्यांनी सगळी भाषणं अगदी मन लावून ऐकली, मध्ये मध्ये मान डोलावली. एवढं लक्ष देणारा पाहुणा मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच भेटला होता. मी सुखावलो.

ते उठले. “बच्चे लोकांनी दोन्ही बाजू फार सुंदर मांडल्या. मी विचार करून राहिलो होतो की कोण बरोबर आहे. मला दोन्ही पटल्या. शांती पाहिजे, करार झालाच पाहिजे.”

टाळ्या पडल्या.

“फक्त दिवाळीनंतर झाला पाहिजे. माझ्या गोदामात आत्ता महागात घेतलेला इराणी पिस्ता भरून आहे!”

याला दुप्पट टाळ्या पडल्या. मागच्या चार रांगा इतवारीच्याच होत्या.

* * *

या सगळ्या गोंधळात प्राजक्ताला चारही वेळा प्रतिकूलच बाजू आली, आणि चारही वेळा तिने पहिला नंबर काढला. तिचं भाषण दर खेपेला जास्त धारदार होत होतं. करारात पळवाटा कुठे आहेत, तपासणीला किती दिवस आधी कळवावं लागतं, याआधीच्या कराराचं काय झालं, सगळं तोंडपाठ. समोरच्याला बोलायला जागा उरायची नाही.

तिची आई अंगणवाडीत काम करते. प्रत्येक स्पर्धेला पहिल्या रांगेत बसायची, मोबाईलवर रेकॉर्डिंग करायची आणि लेक जसजशी कराराची चिरफाड करील तसतशी टाळ्या वाजवायची. मला राहवलं नाही. म्हटलं, “अहो ताई, करार फिसकटला तर तुमचेच मालक तिकडे अडकतील, आणि तुम्ही टाळ्या वाजवता?”

“पोरगी बोलून राहिली नं सर,” त्या म्हणाल्या. “टाळ्या तर वाजवाच लागते.”

या सगळ्या स्पर्धांमधल्या निवडक वक्त्यांच्या अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी प्राजक्ता सरावाला आली आणि नुसतीच बसून राहिली.

“सर, मी जेवढं चांगलं बोलून राहिली, तेवढं मले भेव लागून राहिलं,” ती म्हणाली. “पह्यले वाटे, हे फक्त भाषण आहे. आता वाटते, खरंच आहे का काय?”

मला माझीच लाज वाटली. हे मुद्दे मीच तिच्याकडून घोटून घेतले होते. म्हटलं, नाव मागे घेऊ, मी वानखेडे सरांशी बोलतो.

“नको. बाबा तिकडं सगळ्याइले सांगून बसले, माह्यी पोरगी फायनलले आहे म्हणून.”

* * *

अंतिम फेरी. त्याच सकाळी बातमी होती की तिकडची बोलणी पुन्हा अडली. मी संयोजकांना हात जोडले, एकदा, फक्त एकदा हिला अनुकूल बोलू द्या. ते म्हणाले, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. अध्यक्षांनी काढली. प्राजक्ता मेश्राम, प्रतिकूल!

ती उठली. वानखेडे सरांचं परिपत्रक तिने म्हटलंच नाही, थेट सुरुवात केली. असं भाषण मी याआधी ऐकलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “सभाध्यक्ष, हा करार आग विझवत नाही. तो फक्त धूर झाकतो. त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांना खोटा भरवसा देऊ नका. आग लागणार असेल, तर त्यांना आजच खरं सांगा. निदान वेळेवर निघून तरी जातील!”

सभागृह उभं राहिलं. तन्मयचे वडीलही उभे राहिले. परीक्षकांचं काही ठरायच्या आत तिच्या आईने रेकॉर्डिंग आखातात पाठवूनही दिलं होतं.

करंडक मिळाला. फोटो काढणं चालू होतं तेवढ्यात आईचा मोबाईल वाजला. बाबा होते. आईने फोन स्पीकरवर टाकला आणि आम्ही सगळे भोवती जमलो.

“प्राजू, लय भारी बोलली वं!” पलीकडून आवाज आला. मागे बरीच माणसं बोलत होती. “रूमवर सगळ्याइनं आयकलं. दोन खेपा लावलं. बिहारच्या पोट्ट्याइले मराठी समजत नाही, त्याइले मी एक एक वाक्य हिंदीत सांगितलं.”

प्राजक्ताने करंडक आईकडे दिला आणि फोन हातात घेतला.

“बाबा, ते नुसतं स्पर्धेचं होतं. चिठ्ठी निघाली होती.”

“असू दे नं वं. पटलं आम्हाले. आठही जणाइनं बॅगा भरून ठेवल्या.”