तीन नंबरची टाकी: मुलुंडहून दिंडोरीला दोन दिवस

शुक्रवारी संध्याकाळी दादाचा फोन आला.

"तीन नंबरच्या टाकीला वास येतोय."

"कसला?"

"कुजक्या अंड्यासारखा. बाबांना सांगू नकोस."

बाबा समोरच बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. त्यांनी उठून कपाटातून बॅग काढली.

तीन नंबरच्या टाकीत दोन हजार लिटर रेड वाइन आहे. दादाच्या स्वतःच्या बागेतली ही पहिलीच. अकरा वर्षांपूर्वी त्याने आमच्या मुलुंडच्या बाल्कनीत दोन बरण्यांत वाइन केली होती. एक फसफसून कपड्यांवर उडाली, दुसरी आम्ही प्यायलो आणि खोटं कौतुक केलं. मग त्याने अंधेरीची नोकरी सोडली. मीनलवहिनीच्या माहेरी, दिंडोरीजवळ, शेड आणि दोन टाक्या आल्या. द्राक्षं विकत घ्यायची. मग चार टाक्या झाल्या, आणि शेवटी दोन एकर बाग. "हे वर्ष वाया गेलं तर मी परत येईन," असं तो दिवाळीत म्हणाला होता. हसत म्हणाला, पण म्हणाला.

शनिवारी सकाळी साडेसहाला बाबा आणि मी निघालो. तुम्ही जाणार असाल तर याहून उशीर नको. भिवंडी बायपासला आठनंतर ट्रक हलत नाहीत. शहापूरच्या पुढे दोन मिसळ, दोन चहा, दोनशे साठ रुपये. बाबांनी मिसळीला हात लावला नाही.

"टाकी धुतली नसेल नीट," ते म्हणाले.

"धुतली असेल, बाबा."

"मग यीस्ट जुनं असेल."

बाबा औषधांच्या कंपनीच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं होते. कसारा घाटात त्यांनी सहा कारणं काढली आणि सहाही खोडली. नाशिक मागे पडलं. दिंडोरी रस्त्याला कालवा ओलांडल्यावर मॅप डावीकडे वळायला सांगतो. वळू नका, पुढे बांध आहे. आम्ही वळलो. अर्धा तास गेला.

वायनरी म्हणजे पत्र्याची उंच शेड, पुढे चार टेबलं. तीनशे रुपयांत चार वाइन चाखायला मिळतात, राहायला दोन खोल्या आहेत, वहिनीच्या हातची वांग्याची भाजी चांगली असते. त्या दिवशी टेबलं रिकामी होती. वहिनीने बुकिंगं रद्द केली होती.

दादाने टाकीच्या नळातून ग्लासात थोडी वाइन घेतली. बाबांनी वास घेतला. ते घाबरले की मालवणीत बोलतात.

"ह्यो गंधकाचो वास रे." मग दादाकडे वळून, "बागेत शेवटचं गंधक कधी मारलंस?"

"तोडणीच्या महिनाभर आधी असेल."

वहिनीने दादाकडे पाहिलं आणि ती बाहेर गेली.

बागेच्या फवारण्यांची वही शेडच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. तारीख, औषध, प्रमाण, सल्ला, असे चार रकाने. बाबांनी चष्मा लावला आणि शेवटचं पान काढलं. मी मागून वाचलं. गंधकाची भुकटी, तोडणीच्या सहा दिवस आधी. सल्ल्याच्या रकान्यात वर सगळीकडे बागेच्या सल्लागारांचं नाव होतं. त्या ओळीत दादाने लिहिलं होतं, 'बाबा'.

बाबांनी आयुष्यात द्राक्ष लावलेलं नाही. पण रोग दिसायच्या आधी औषध द्यायचं, हे त्यांचं ठाम मत. बाल्कनीतल्या तुळशीलाही ती शिस्त आहे. थंडी वाढली तेव्हा त्यांनी द्राक्षावरच्या भुरी रोगाबद्दल, आणि त्यावर गंधक मारतात हे, कुठेतरी वाचलं होतं.

"सल्लागारांना विचारलं नाहीस?"

"विचारलं. ते म्हणाले, आता नको. द्राक्षावर राहिलं तर टाकीत घाण वास सुटेल."

"मग?"

"तुम्ही तीनदा फोन केलात, बाबा."

वहिनी चहा घेऊन आली. "माझं एक ऐकत नाही तुमचा मुलगा," ती बाबांना म्हणाली, "आणि मुलुंडहून सांगितलेलं सगळं ऐकतो." बाबांनी कप घेतला, आणि तसाच टेबलावर ठेवला.

उपाय सल्लागारांनीच फोनवर सांगितला. मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, अगदी पातळ पाणी. आधी ग्लासात करून बघायचं, कमीत कमी किती पुरतं ते. तांबं जास्त झालं तर वाइन विकता येत नाही. चार ग्लास मांडले. बाबांनी ड्रॉपर उचलला आणि परत ठेवला.

"तू घाल. मी मोजतो."

दादा थेंब सोडत होता, बाबा आकडे म्हणत होते. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. दुसऱ्या ग्लासाला वास होताच. तिसऱ्यातून गेला. वहिनीने पुन्हा वास घेतला, मग मी. कुजका वास गेल्यावर खाली जांभळासारखा काहीतरी गंध होता.

"जमेल?" मी विचारलं.

"ग्लास आहे हा," दादा म्हणाला. "टाकी वेगळी."

रविवारी सकाळी हिशेब चार वेळा तपासून टाकीत ते पाणी घातलं. लगेच काही कळत नाही, चार-पाच दिवस थांबावं लागतं. दुपारी आम्ही निघालो. दादा फाटकापर्यंत आला. बाबांनी काच खाली केली आणि फाटक दिसेनासं होईपर्यंत तशीच ठेवली.

बागेचा फोटो मी काढला नाही, म्हणून इथे नाही. लोक विचारतात वाइन कशी होती. मला त्या दोन दिवसांतलं आठवतं ते वहीतलं एक नाव. रागाने लिहिलेलं नव्हतं. रकाना होता, म्हणून भरला होता.

गुरुवारी दादाचा फोन आला. टाकीचा वास गेलाय. तपासणीत तांबं मर्यादेत आहे. चव तोंडात टिकत नाही, मध्येच तुटते, असं वहिनी म्हणते, पण बाटल्या भरायच्या ठरल्यात. मुलुंडला परत येण्याचं तो काही बोलला नाही.

बाबांनी फोन मागितला. स्पीकर चालूच होता.

"यापुढे बागेचं मी सांगितलेलं ऐकू नकोस," ते म्हणाले.

"बरं," दादा म्हणाला. "मग फोन कशाला करणार तुम्ही?"

बाबा फोन हातात धरून उभे राहिले. पलीकडून दादानेही ठेवला नाही.