चार बोटं उजवीकडे

महांतप्पाच्या हाताची कीर्ती एके काळी आसपासच्या तीन कारखान्यांत पोचली होती. तो आपल्या अणदूर गावापासून सायकलनं अर्ध्या तासावरच्या सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होता. उसाचा रस मोठ्या पॅनमध्ये आटत आला की त्यात साखरेचा दाणा धरायचा आणि नेमक्या वेळी तो पाक खाली सोडायचा, हे पॅनमनचं काम. वेळ चुकली की दाणा पिठासारखा तरी होतो, नाहीतर सगळा मिळून एक गोळा तरी. प्रयोगशाळेतले पदवीधर भिंगातून बघत बसायचे. तोवर महांतप्पा चिमूटभर पाक अंगठ्यात आणि बोटात चोळून "सोडा" म्हणून मोकळा झालेला असायचा. पंधरा वर्षांत तो चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. चुकला असता तरी त्यानं ते कबूल केलं नसतं, कारण पठ्ठ्या तसाच होता.

मग पावसानं पाठ फिरवली. एका साली ऊस निम्माच आला आणि पुढचे दोन हंगाम धुराड्यातून धूर निघाला नाही. शहाऐंशी साल उजाडलं तेव्हा कारखान्याच्या आवारात कुत्री झोपत होती. कायम नोकरीतले लोक हजेरीला यायचे, यंत्रांना तेल घालायचे आणि घरी जायचे. महांतप्पाही थंड पॅनवरून फडकं फिरवून परत यायचा.

दोन वर्षं हाताला काम नाही म्हटल्यावर त्याच्या डोक्यात किडा शिरला. तालीम सुटली की पैलवानाचं अंग उतरतं, मग हाताचं काय होत असेल? एका सकाळी त्यानं चहाच्या डब्यातली साखर बोटांत चोळून बघितली. पूर्वी नुसत्या स्पर्शानं दाण्याचं सगळं त्याला कळायचं. त्या दिवशी काहीच कळलं नाही. तो घाबरला, चांगलाच घाबरला, पण बायकोलासुद्धा बोलला नाही. गावात ज्याच्या हाताचं नाव निघतं त्यानं हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

अशात गोल्फ आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणा. कारखान्याचे चीफ इंजिनिअर फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणत. रिकामं बसून त्यांच्या अंगाला खाज सुटली आणि कारखान्याच्या पडीक माळावर त्यांनी सहा खड्ड्यांचं मैदान आखलं. गोल्फमध्ये खड्ड्याभोवती मऊ हिरवळ लागते. इथं प्यायला पाणी नव्हतं, हिरवळ कुठून येणार? मेजरसाहेबांनी वाळू चाळून घेतली, तिच्यात गाड्यांचं जळकं तेल कालवलं, चोपून बसवली आणि गवंड्याची पाणसळ लावून सपाट केली. अशी सहा काळी वाटोळी झाली. गावानं त्यांना मेजराची खळी असं नाव ठेवलं. रोजगार हमीच्या कामावरून परतणाऱ्या बायका डोक्यावर टोपली घेऊन क्षणभर थांबत, थोराड पुरुष चेंडूमागं फिरताना बघत आणि पुढं जात.

मेजरसाहेबांना चौथा गडी हवा होता, त्यांनी महांतप्पाला ओढलं. पहिल्याच दिवशी त्यानं चेंडू बाभळीपलीकडं धाडला. सगळे वाहवा करू लागले, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. लांब मारायला जोर लागतो आणि जोर रेड्यालाही असतो. खरी परीक्षा खळ्यावर व्हायची. तिथं चेंडू नुसता लोटायचा, चार-पाच हातांवरच्या खड्ड्यात अलगद घालायचा. ते सगळं हाताचं काम. नेमकं तिथंच त्याचं घोडं पेंड खाई. चेंडू खड्ड्याला हूल देऊन पुढं जाई, परत लोटला की मागं येई. "ओंदु, एरडु, मूरू," महांतप्पा दात-ओठ खात कानडीत मोजायचा, आणि कधी कधी ते मोजणं पाचावर जायचं.

मेजरसाहेबांनी त्याला अठ्ठावीसचा हँडीकॅप दिला. "म्हणजे काय?" त्यानं विचारलं. "म्हणजे तुझे अठ्ठावीस फटके माफ." पोरांच्या खेळात कच्चं लिंबू असतं, ते म्हणजे आपण, हे महांतप्पाला समजलं. पंचेचाळिसाव्या वर्षी कच्चं लिंबू. त्या दिवशी तो घरी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मेजरसाहेबांची जुनी पटर, म्हणजे चेंडू लोटायची काठी, मागून आणली. माजघर बारा हात लांब. समोरच्या भिंतीशी पितळी पेला आडवा ठेवला आणि सराव सुरू केला. पहिले आठ दिवस चेंडू डावीकडं सरकून मोरीत जाऊन पडे आणि महांतप्पा स्वतःच्या हाताला शिव्या देई. मग हळूहळू जमायला लागलं. महिन्याभरात दहातले नऊ चेंडू पेल्यात जाऊन ठणकन वाजू लागले.

फक्त जमीन ताजी सारवलेली लागे. पोपडे निघाले की चेंडू उड्या मारी. त्याची बायको इरम्मा रिवाजाप्रमाणं सोमवारी सारवायची, याला दिवसाआड हवं होतं.

"आवं, परवाच तर सारवलंय," ती म्हणाली.

"पोपडं निघालेत."

"टँकर तिसऱ्या दिवशी येतोय. घराला तीन घागरी मिळत्यात. त्यात सारवू का सैपाक करू?"

"थोडंच लागतंय की."

इथं महांतप्पाची बाजू कुणी घेऊ नये. इरम्मा भांडली नाही. ती तांदूळ धुतलेलं पाणी साठवी, तोंड धुतलेलं पाणी साठवी, त्यात शेण कालवी आणि दिवसाआड माजघर सारवी. डोक्यावरून न्हाणं तिनं पंधरा दिवसांवर नेलं. दोन महिने हे चाललं आणि महांतप्पाला ते दिसलं नाही, कारण त्याची नजर पेल्यावर होती.

एवढं करून रविवारी खळ्यावर गेलं की चेंडू खड्ड्याच्या उजव्या अंगानं चार बोटं अंतर ठेवून निघून जायचा. घरात नऊ, इथं दोन. महांतप्पाचा भडका उडे. वाळू जाड झाली, तेल सुकलं, चेंडूच वाकडा आहे, खळ्याला उतार आहे. मेजरसाहेबांनी एकदा पाणसळ आणून खळ्यावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. "नाचता येईना, अंगण वाकडं," ते हसून म्हणाले आणि बाकीचेही हसले. महांतप्पा घरी येऊन दुप्पट सराव करू लागला. गंमत अशी, की जितका सराव वाढला तितकं खळ्यावरचं चुकणं पक्कं होत गेलं.

एप्रिलमध्ये सोलापूरहून चौघेजण सामना खेळायला आले. माळावर पन्नासेक माणसं जमली. शेवटच्या खड्ड्यापर्यंत बरोबरी होती आणि शेवटचा चेंडू महांतप्पाचा होता. खड्डा अडीच हातांवर. बाकीच्यांना तो खेळ होता, महांतप्पाला तो निकाल होता. चेंडू आत गेला तर आपला हात शाबूत आहे. नाही गेला तर पाऊस पडो, ऊस येवो, धुराडं पेटो, आपण पुन्हा पॅनवर चढायचं नाही, दुसरा माणूस बघा म्हणून साहेबाला सांगून टाकायचं. हे त्यानं मनाशी ठरवलं आणि चेंडू लोटला.

तो चार बोटं उजवीकडून गेला.

सोलापूरकरांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मेजरसाहेब पिशवी आवरू लागले. महांतप्पा कुणाचाही निरोप न घेता सायकलवर बसला.

घरात इरम्मा ज्वारी पाखडत होती. त्यानं पटर कोपऱ्यात भिरकावली, खिशातला चेंडू कोनाड्यात टाकला आणि भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "माझा हात गेला, इरम्मा. दोन वर्षं झाली. कारखाना चालू झाला तरी म्या पॅनवर जाणार न्हाय."

तिचं सूप थांबलं. "कसा चुकला चेंडू?"

"चार बोटं उजवीकडं."

"आन मागल्या ऐतवारी?"

"चार बोटं."

"त्याच्या मागल्या?"

"तेवढाच. दर बारीला तेवढाच."

इरम्मा उठली. तिनं चेंडू उचलून माजघराच्या मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला. चेंडू जरा थांबला, मग आपणहून डावीकडं वळला आणि सावकाश घरंगळत मोरीत पडला.

"जमीन मोरीकडं उतरती हाय," ती म्हणाली. "माळवद गळायचं, पाणी धान्याकडं जायचं, म्हणून तुमीच गवंड्याला उतार द्यायला लावला व्हता. आता तीन सालं माळवद गळलंच न्हाय, तर ते ध्यानात कशाला ऱ्हातंय."

महांतप्पा मोरीकडं बघत राहिला. या जमिनीवर पेला साधायचा तर चेंडू थोडा उजवीकडंच लोटायला हवा होता. त्याच्या हातानं त्याला न विचारता ते शिकून घेतलं होतं आणि मेजराच्या सपाट खळ्यावर हात इमानदारीनं तेच करत होता.

"हात गेलेल्या माणसाचा चेंडू येकदा हिकडं जाईल, येकदा तिकडं," इरम्मा म्हणाली. "तुमचा चार बोटं म्हंजी चारच बोटं. ह्यो गेलेला हात न्हाय."

त्याला बरं वाटायला हवं होतं. पण आधी राग आला. "दोन म्हैने तुला ह्ये ठावं व्हतं?"

"सारवताना पाणी कुठं पळतंय ते मला न्हाय तर कुणाला दिसंल?"

"मग बोलली का न्हाईस?"

"पैल्याच आठवड्यात बोलले. ह्या जमिनीवर नगा शिकू म्हनले. तुमी म्हनला, तुला काय कळतंय ह्यातलं."

महांतप्पाला आठवलं. तो तसंच म्हणाला होता, आणि म्हणताना त्यानं तिच्याकडं बघितलंही नव्हतं. त्यानं आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग खाली मान घालून, पॅनवर कुणाला कधी काही न विचारलेला तो माणूस म्हणाला, "खरंच गेला न्हाय म्हणतीस?"

इरम्मानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "येकदा सांगितलं ते ऐकलं न्हाय, म्हणून दोन म्हैने जमिनीवर पाणी घालत बसले. आता दुसऱ्यांदा सांगायला लावू नगा."