सरावलीच्या दारातली वाकडी रांगोळी

मी तारापूर एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा स्वभाव. असे गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचायचो... तरी हा लिहितोय.

आम्ही बोईसरजवळ सरावलीत राहतो. पडल्यामुळे माझ्या बायकोचा, सुलभाचा, पाठीचा मणका दबला होता. डॉक्टरांनी सुईने त्यात हाडांसाठी वापरतात ते सिमेंट भरलं. दुखणं इतकं कमी झालं की ती पुन्हा दारात रांगोळी काढू लागली. पण काही दिवसांनी म्हणायला लागली, "अहो, दम लागतोय."

मी बोटाला ऑक्सिमीटर लावला — ९५. "लिमिटमध्ये आहे. कंपन्यांचा वास सुटलाय, सगळी कॉलनी खोकतेय," म्हणालो आणि ड्युटीला गेलो.

त्याच आठवड्यात तिची रांगोळी बदलली. एरवी कमळ असायचं; आता रोज एकच पांढरी रेघ, वर दोन फाटे, उजव्या फाट्याच्या टोकाला गळासारखं वळण. शिरगावहून मासे घेऊन येणारी मावशी हसली, "वैनी, आमचा गल कशाला काढलास दारात? मासा नाय यायचा हितं!"

मीही फोटो काढून मुलीला पाठवला — 'आईचं मॉडर्न आर्ट'.

दुसऱ्या दिवशी सुलभा दारातच कोसळली. ऑक्सिमीटर ८४.

पालघरला इमर्जन्सीत डाय देऊन छातीचा सीटी केला. डॉक्टरांनी स्क्रीन दाखवली. "फुप्फुसाच्या धमनीत अडथळा आहे. रक्ताची गुठळी असती तर काळपट दिसली असती. हे पांढरं बघा... मणक्यातलं सिमेंट शिरेतून इथे आलंय. क्वचित होतं असं."

एक रेघ. दोन फाटे. एका टोकाला तेच वळण.

मी मोबाइल काढून स्क्रीनशेजारी धरला. डॉक्टर बघत राहिले. "हा फोटो कधीचा?"

"कालचा."



सुलभा वाचली. सिमेंटभोवती गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. जिना चढताना अजून मध्येच थांबते, आणि मी ओशाळून खाली बघतो. तिला विचारलं, तशी रांगोळी का काढायचीस? म्हणाली, "कमळच काढायला बसायचे. हात तसा जायचा."

"ती खूण मला तेव्हाच कळायला हवी होती," मी म्हणालो.

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खूण कशाला कळायला हवी होती? मी तोंडाने सांगत होते की."