जुन्या बाजारात मिळालेली रेकॉर्ड

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, चिंचवडच्या एका फाउंड्रीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाकार्यांत लाउडस्पीकर लावायचे. दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि एक रेकॉर्ड प्लेअर, एवढाच त्यांचा सेट. त्यामुळे पिंपरीच्या आमच्या दोन खोल्यांत कपाट नव्हतं, पण रेकॉर्डींनी भरलेली ट्रंक होती. लग्नाची गाणी, बारशाची गाणी, जयंतीची गाणी. मांडवात अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक कव्हरवर दादांनी लाल ऑइलपेंटने नंबर घातला होता.

त्यातली एकेचाळीस नंबरची रेकॉर्ड आत्याने आणली होती. आत्या दादांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती चाकणकडचं गाव सोडून आमच्याकडे आली आणि एका परदेशी इंजिनिअरच्या बंगल्यावर धुण्याभांड्याला लागली. तीन वर्षांनी ते कुटुंब मायदेशी निघालं, तेव्हा बाईंनी घरातल्या वस्तू नोकरमाणसांना वाटल्या. माळ्याने खुर्च्या घेतल्या, ड्रायव्हरने टेबलफॅन. आत्याने एका रेकॉर्डीकडे बोट दाखवलं. साहेब दर रविवारी ती लावायचा आणि हिला मोरीत ऐकू यायची. टेबलफॅन सोडून ही काय घेऊन आली म्हणून आई दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही.

दादांनी ती लावली, अर्धं मिनिट ऐकलं आणि सुई उचलून डोळ्याजवळ धरली. सुई झिजली असं त्यांना वाटलं होतं. आत्या म्हणाली, सुईला काही झालं नाही, त्या माणसाचा आवाजच तसा आहे. कव्हरवर त्याचा फोटो होता. टोपी घातलेला काळा म्हातारा, मांडीवर गिटार. बाकी वाजवणारं कुणी नाही. तो एकटाच गायचा आणि पायाने ठेका धरायचा, तो ठेकाही रेकॉर्डीत उतरला होता. मी तेव्हा नववीत होते. शब्द एकही कळत नव्हता. आत्याच्या मते त्याचा बैल हरवला होता आणि तो बैलाला हाका मारत होता.

लग्नात ती रेकॉर्ड कोण लावणार? ती घरातच वाजायची, संध्याकाळी, आत्या भाकरी थापत असताना. असंच एकदा ऐकता ऐकता ती म्हणाली, "ह्यो जात्यावर बसल्यावानी गातोय बघ. पयली ओळ दोनदा म्हणतोय. दुसऱ्यांदा म्हणंपरेंत फुडची सुचती." गावात असताना ती पहाटे उठून दुसऱ्यांची दळणं दळायची. मी पुन्हा लक्ष देऊन ऐकलं. खरंच तसं होतं. एक ओळ, परत तीच ओळ, मग तिला उत्तर देणारी तिसरी. त्या दिवसापासून शब्द न कळताही ते गाणं मला कळायला लागलं.

मॅट्रिकनंतर मी एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. कंपनीत कामगारांसाठी क्लबची खोली होती. दोन कॅरम, वर्तमानपत्रं आणि एक चांगला रेकॉर्ड प्लेअर. शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर तिथे गाणी लावायची टूम निघाली आणि ज्याच्याकडे रेकॉर्डी असतील त्याने आणाव्यात अशी चिठ्ठी फळ्यावर लागली. मी एकेचाळीस नंबर घेऊन गेले. ती लागली आणि दोन मिनिटांत कॅरम खेळणारे ओरडायला लागले, बाई, हे रडगाणं बंद करा. बंद करू नका म्हणणारे दोघेच निघाले. एक मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन आणि दुसरा लॅबोरेटरीतला केमिस्ट.

केमिस्ट पुण्याचा, सदाशिव पेठेतला. बी.एस्सी. झालेला, इंग्रजी उत्तम. मी त्याला साहेब म्हणाले तर म्हणाला, असलं काही म्हणू नका. मग मी त्याला कशानेच हाक मारली नाही. पुढची दोन वर्षं शनिवारी आम्ही तिघं ते गाणं ऐकत राहिलो. त्याने शब्द उतरवून घेतले, कॅम्पातल्या ओळखीच्या माणसाकडून अडलेले सोडवून आणले आणि मला ओळ न् ओळ समजावली. बैल वगैरे काही नव्हतं. माणूस आपल्याच घराच्या दाराशी उभा आहे, आतून कडी आहे, आत दिवा आहे, आणि कडी कोणी घातली एवढंच तो विचारतोय. ते कळलं तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मला कुणी त्याआधी असं शेजारी बसून काही समजावलं नव्हतं. प्रेमात पडले होते का, असं आज विचारलं तर सांगता येत नाही. शनिवारची वाट बघायचे, हे मात्र खरं.

मीही त्याला सांगायचे. त्या पायाच्या ठेक्याबद्दल, तिसऱ्या कडव्यात म्हातारा मुद्दाम एक ओळ गिळतो त्याबद्दल. आणि एकदा ते जात्याचं सांगितलं. तो थक्क झाला. हे तुम्हाला कसं सुचलं, म्हणाला. त्या वेळी मी "आत्या म्हणते" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मला आपलं तसं वाटतं." त्याच्या डोळ्यांतलं कौतुक मला दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

मग एका शनिवारी तो मोठी, चकचकीत रेकॉर्ड घेऊन आला. चार लांब केसांची गोरी पोरं, ड्रम, इलेक्ट्रिक गिटार. गाणं तेच. पण म्हातारा तीन मिनिटांत संपवायचा ते ह्यांनी आठ मिनिटं चालवलं होतं. इलेक्ट्रिशियन उभा राहून मान हलवायला लागला, कॅरमवालेसुद्धा थांबले. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं. अंगावर काटा आला. मग मी मधल्या कागदावरची अक्षरं लावून वाचली. गाण्याखाली कंसात नावं होती ती त्या पोरांची. म्हाताऱ्याचं नाव मला पाठ होतं, ते कुठेच नव्हतं. मी केमिस्टला दाखवलं. तो लाल झाला. ही सरळ चोरी आहे, म्हणाला, ह्यावर कुणीतरी बोललं पाहिजे.

पुण्यात डेक्कनकडे गाणं ऐकणाऱ्या लोकांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी बंगल्यात जमायचे. तिथे तो ह्या विषयावर बोलणार होता. त्यासाठी त्याने आमची रेकॉर्ड मागून नेली. मलाही "या" म्हणाला, पण जरा तोंडातल्या तोंडात. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. मी आत्याला म्हटलं, तुझी रेकॉर्ड शिकल्यासवरलेल्या लोकांसमोर लागणार आहे, चल. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. आम्ही पिंपरीहून लोकलने शिवाजीनगरला उतरलो आणि चालत गेलो.

हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं होती. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. त्याने आम्हाला पाहिलं, मान किंचित हलवली आणि कागद चाळायला लागला. बोलला मात्र फार सुंदर. ज्याने गाणं रचलं त्याचं नावच पुसून टाकलं, ही कलेच्या जगातली मोठी कृतघ्नता आहे, असं म्हणाला. मला अभिमान वाटत होता. मग तो म्हणाला, ही रेकॉर्ड ऐकत असताना एका संध्याकाळी त्याच्या मनात आलं की हे तर आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं आहे. पहिली ओळ दोनदा म्हणायची, तेवढ्यात पुढची सुचते. लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ "वा" म्हणाले.

आत्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

त्याने जुनी रेकॉर्ड मिनिटभर लावली आणि नवी पूर्ण लावली. टाळ्या पडल्या त्या नवीला. शेवटी कुणीतरी विचारलं, एवढी दुर्मीळ रेकॉर्ड तुम्हाला मिळाली कुठे? तो हसला.

"जुन्या बाजारात. नशीब म्हणायचं."

चहाच्या वेळी त्या घरच्या बाई आमच्याजवळ आल्या. बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी आत्याच्या हातात कप दिला आणि विचारलं, आपण कोणाबरोबर आलात? तो दोन हात अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. मी थांबले. ह्या माझ्याबरोबर आल्यात, एवढं तरी तो म्हणेल असं मला वाटलं. तो कपात बघत राहिला. मी म्हणाले, आम्ही ऐकायला आलो होतो.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसली. दापोडीला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "ते जात्याचं त्याला तू सांगितलंस?"

मी हो म्हणाले.

"मी म्हनले, असं सांगितलंस का?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी खिडकीबाहेर बघितलं, आणि तेच उत्तर झालं. ती एवढंच म्हणाली, "मग त्याचं काय चुकलं?" आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. त्याच्यावर मनसोक्त चिडायची तयारी करून मी गाडीत बसले होते. दापोडीनंतर ती तयारी कुठे ठेवावी हे मला कळेना.

सोमवारी मी त्याला लॅबोरेटरीच्या जिन्यात गाठलं आणि जुन्या बाजाराचं काय ते विचारलं. तो आवाज खाली करून म्हणाला, "तिथे तुमचं नाव घेतलं असतं तर लोकांनी भलताच अर्थ काढला असता. तुमच्या भल्यासाठीच."

"कुठला अर्थ?"

त्याने जिन्याच्या वर-खाली पाहिलं. पॅकिंगमधली मुलगी, अविवाहित, आमच्या समाजातली. ह्यातलं त्याला नेमकं काय सांगायचं नव्हतं ते मी आपलं आपण समजून घेतलं. रेकॉर्ड परत मागितली. मंडळातले लोक टेप करून घेत आहेत, म्हणाला. पाच आठवडे लागले. परत आली ती पांढऱ्या पुठ्ठ्याच्या कोऱ्या कव्हरमध्ये. जुनं कव्हर फाटलं होतं म्हणून कुणीतरी टाकून दिलं, त्याने सांगितलं. म्हाताऱ्याचा फोटोही गेला आणि दादांचा नंबरही. दिवाळीत एका अंकात त्याचा लेख आला. क्लबात तो अंक सगळ्यांनी पाहिला. त्यात जातं होतं, पहाट होती, ओवी होती. आत्या नव्हती, मीही नव्हते. चोरीबद्दलचा परिच्छेद सगळ्यात मोठा होता.

मी शनिवारी जाणं सोडलं. वर्षभराने तो बढती घेऊन गुजरातेत गेला. निरोपाच्या दिवशी तो पॅकिंग खात्यात येऊन सगळ्यांना भेटला. मला म्हणाला, तुमच्यामुळे मला ते गाणं कळलं. आजूबाजूला कुणी ऐकत नव्हतं, म्हणून म्हणाला असेल. मी बाटल्यांना लेबलं लावत राहिले.

इलेक्ट्रिशियनने पुढे चिंचवडमध्ये ऑर्केस्ट्रा काढला. गणपतीच्या दिवसांत त्याला चांगली कामं मिळायची. एकदा घरी येऊन म्हणाला, ताई, ती रेकॉर्ड आठवडाभर द्या, म्हाताऱ्याचं गाणं आमच्या पोरांकडून बसवून घेतो, तुमचं नाव स्टेजवरून घेतो. साधा माणूस होता, नाव घेतलंही असतं. मी रेकॉर्ड फुटली म्हणून सांगितलं. तो हळहळला आणि चहा घेऊन गेला. ट्रंक त्याच्या पाठीमागेच होती.

आत्याने माझ्याशी बोलणं सोडलं असं नाही. ती तशी बाई नव्हती. रोजचं सगळं बोलायची, माझ्या लग्नात उन्हातान्हात राबली. फक्त ती रेकॉर्ड लाव असं पुन्हा म्हणाली नाही. मी लावली तर उठून बाहेर जायची, काहीतरी काम काढून. मीही मग लावेनाशी झाले.

माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा आत्या थोडे दिवस आमच्याकडे सांगवीला राहायला आली. पोरीला मांडीवर घेऊन ती ओव्या म्हणायची, हळू आवाजात. एका दुपारी मी वही आणि पेन घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, आत्या, सावकाश म्हण, मी उतरवून घेते. तुझ्या नावाने ठेवते.

ती म्हणायची थांबली. पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"न्हाई बाय," ती म्हणाली. रागाने नाही, एखाद्याला रस्ता सांगावा तशी. "तू चांगली हायेस. पन माझं माज्यापाशी ऱ्हाऊ दे."

मी वही मिटली. पोर झोपली होती, तिला उचलून आत ठेवलं. स्वयंपाकाच्या ओट्याशी आले तरी मला बाहेरच्या खोलीतून आत्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं, पण शब्द लागत नव्हते. मी दारापर्यंत गेले, तशी ती गप्प झाली.